कार्ड खिशात, पण ओळख कुठे?

आमचा नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचा गड, बीड जिल्ह्याची ‘धाकटी पंढरी’. पण दवाखान्याच्या काऊंटरवर गडाखालच्या किती जणांकडे ‘नगद’ असते? म्हणूनच २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली, तेव्हापासून त्या कार्डाला आमच्याकडे मोल आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही पैसे न भरता!

आता एक गैरसमज काढून टाकू. कार्ड म्हणजे ओळख नव्हे. कार्डावरचा नंबर फक्त सांगतो की यादीत अमुक नावाची नोंद आहे. समोर उभा माणूस तोच, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यालाच म्हणतात ई-केवायसी.

२००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बोटांचे ठसे कार्डाच्या चिपमध्येच असायचे. आता ओळख आधारच्या सर्व्हरवर तपासली जाते आणि ते काम स्मार्टफोनवरच्या ‘आयुष्मान’ ॲपमधूनही होतं. त्याचे मुख्य मार्ग तीन:

१) ओटीपी : सोपा. पण ओटीपी माणूस ओळखत नाही, सिमकार्ड ओळखतो! आधारला मुलाचा नंबर जोडलेला, मुलगा पुण्यात कंपनीत. म्हणजे गावात आई ताटकळत बसणार.

२) अंगठा : आमच्या भागातली माणसं वर्षानुवर्षं कोयता धरतात. ऊस तोडून बोटांच्या रेघा झिजतात, मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहतं.

३) चेहरा : फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ हे जोड-ॲप टाकायचं. कॅमेरा डोळ्यांची उघडझाप करायला लावतो, म्हणजे समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळतं. मग चित्र सांकेतिक रूपात आधारकडे जातं. तिथं कोट्यवधी चेहऱ्यांत शोधाशोध होत नाही. दिलेल्या आधार नंबरच्या एकाच चेहऱ्याशी ताडून पाहतात. उजेड समोरून हवा, चष्मा-टोपी काढलेली बरी.

चेहरा जुळला की संपलं? नाही! आधारवरचं नाव योजनेच्या यादीतल्या नावाशी जुळावं लागतं. आमच्या आयाबहिणींचं घोडं इथंच अडतं. एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. नावं पुरेशी जुळली नाहीत, तर अर्ज तपासणीला जातो आणि त्यात वेळ मोडतो. दुखणं काही तेवढं थांबत नाही.

म्हणून मी होस्टेलच्या पोरांना सांगतो, सुट्टीत गावी जाल तेव्हा टोळ्या कारखान्याला निघायच्या आत घरच्यांचं केवायसी उरकून टाका. आपल्या फोनवरून घरातल्या सगळ्यांचं होतं. आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवा, नावं आधीच ताडून पाहा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचंही करून द्या. ७० वर्षांपुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही.

आणि हो, फोनवरून कुणी ‘कार्ड बंद पडेल, ओटीपी सांगा’ म्हणालं तर सरळ फोन ठेवा. अडचण आली तर १४५५५ वर विचारा, किंवा योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो त्याला गाठा.

चार वर्षं आपण इथं यंत्रं शिकतो. घरी दहा मिनिटं फोन धरून बसलो, तर आईच्या नावावरचं कार्ड ऐन वेळी आईच्या कामाला येईल.