पिकअपच्या आधी पकड

वसई फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चढताना छोट्या गाडीवाल्याला जास्त पिकअप हवासा वाटतो, यात नवल नाही. आरशात गुजरातहून भरून आलेला ट्रेलर दिसतो, पुढे सर्व्हिस रोडवरून रिक्षा घुसते आणि पायाखाली असतं 1.2 लिटरचं इंजिन. त्यात एसी चालू, मागे तिघं, डिकीत सामान. मग हातात थोडे पैसे आले की विचार सुरू होतो तो एअर फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅपचा. वसई-विरारमध्ये मात्र खर्चाची सुरुवात खालून, म्हणजे टायरपासून करावी.

स्विफ्टचंच उदाहरण घ्या. व्हीएक्सआयला 165/80 आर 14 हे टायर येतात, झेडएक्सआयला 185/65 आर 15. यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे त्याचा. तिसरा रिमचा, इंचांत. हिशेब केला तर पहिल्या चाकाची एकूण उंची सुमारे 620 मिलिमीटर येते आणि दुसऱ्याची साधारण 621.5. म्हणजे टायर तब्बल 20 मिलिमीटरने रुंद होतो, पण स्पीडोमीटरच्या आकड्यात फरक पडत नाही. पहिला बदल म्हणून आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीचं माप बसवण्याइतकी शहाणी गोष्ट दुसरी नाही. 16-17 इंची अ‍ॅलॉय दिसायला झकास. पण टायरची भिंत बुटकी झाली की खड्ड्याचा दणका थेट रिमवर बसतो, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट कसा असतो ते सांगायला नको.

विकत घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. 2324 म्हणजे 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर तेच दगा देतं.

मग ब्रेक. ताशी 60 ऐवजी 100 च्या वेगाने धावणाऱ्या गाडीला थांबवताना पावणेतीनपट ऊर्जा जिरवावी लागते आणि ती सगळी उष्णता ब्रेकमध्येच उतरते. गाडीचा वेग वाढवणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा. चांगले पॅड हवेतच. पण त्याहून स्वस्त आणि हमखास विसरलं जाणारं काम म्हणजे ब्रेक ऑइल बदलणं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि खाडी-समुद्राच्या काठावर ओलाव्याची काय वाण! नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. जव्हारच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना ऑइल उकळलं, की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं.

शॉकअपची परीक्षा घरीच करता येते. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला आणि ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर शॉकअप थकलेत. तिथे नवे शॉकअप आणि बुश बसवले की जुनी गाडीसुद्धा वळणावर वेगळी वाटते. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं मात्र टाळावं. गल्लीतले स्पीडब्रेकर आणि पावसाचं पाणी, दोन्ही तिला सोसणार नाहीत.

पाण्याचाच धोका कोल्ड एअर इनटेकलाही आहे. कंपनी हवेची नळी मुद्दाम उंचावर ठेवते. बाजारातल्या काही किटमध्ये फिल्टर बंपरमागे, खाली जातो. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ बुडाले होते. मग रस्त्यांची काय कथा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच लागतं. आणि एवढं करून साध्या पेट्रोल इंजिनाला मिळणारी ताकद फार थोडी.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबाबत कायदाही स्पष्ट आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

रिमॅपने खरा फरक पडतो तो टर्बो इंजिनात. चाकणला बनलेली पोलो 1.0 टीएसआय मूळचीच 110 पीएसची. टर्बोचा दाब वाढवला की तिची ताकद जाणवण्याइतकी वाढते. त्याबरोबर क्लच आणि गिअरबॉक्सवरचा ताणही वाढतो, वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं आणि विमा कंपनीला कळवणं आलंच. ज्याच्या गाडीत टर्बो नाही, त्याने हेच पैसे टायर, ब्रेक ऑइल आणि शॉकअपसाठी राखावेत, आणि काम झाल्यावर व्हील अलाईनमेंट करून घ्यावी.