गर्भिणी आणि मद्य : विद्यार्थ्यांपुढे विषय मांडताना

गर्भोपघातकर भावांचे वर्णन करताना आचार्य चरकांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नित्य मद्यसेवन करणाऱ्या गर्भिणीचा उल्लेख केला आहे. तिचे अपत्य तृष्णेने पीडित, अल्पस्मृती व अस्थिरचित्त होते, असे त्यांनी सांगितले. आधुनिक वैद्यकात १९६८ साली फ्रान्समध्ये लेमोइन यांनी आणि १९७३ साली अमेरिकेत जोन्स व स्मिथ यांनी अशा बालकांची लक्षणे नोंदविली. ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव त्यानंतर रूढ झाले.

मातेच्या रक्तातील मद्य अपरेतून गर्भाच्या रक्तात पोहोचते. गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने त्याचे पचन पुरेसे होत नाही. परिणामी वाढ खुंटते, डोळ्यांच्या फटी लहान राहतात, वरचा ओठ पातळ होतो, नाकाखालची खाच सपाट होते. चेहरा सामान्य असूनही स्मृती, अवधान व वर्तन यांतील दोष जन्मभर राहू शकतात. सुरक्षित मात्रा वा सुरक्षित महिना ज्ञात नाही.

नंदुरबार जिल्ह्यात हा विषय विवेकाने मांडावा लागतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या सातपुड्यातील तालुक्यांत मोहवृक्ष पूज्य आहे. त्याचे फूल अन्न आहे आणि मोहाची दारू देवकार्यात व सणांत असते. परंपरेला नावे ठेवल्यास श्रोता दुरावतो. “देवाला अर्पण करावे, परंतु गर्भिणीने प्राशन करू नये,” एवढेच सांगणे पुरेसे आहे. याच जिल्ह्यातील शहादे परिसरात १९७०च्या दशकात आदिवासी स्त्रियांनी दारूविरुद्ध मोठा लढा दिला होता, याचे स्मरणही विद्यार्थ्यांना अवश्य करून द्यावे.

आश्रमशाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाच हे का सांगावे? गर्भधारणा झाल्याचे कळेपर्यंत पहिले काही आठवडे निघून जातात आणि अवयवांची घडण तेव्हाच सुरू झालेली असते. म्हणून ज्ञान विवाहापूर्वी हवे. मुलांनाही सोबत बसवावे; घरात मद्य आणणारा हात बहुधा पुरुषाचा असतो. मात्र भीती घालू नये. नकळत सेवन घडले असल्यास त्या क्षणापासून थांबण्यानेही गर्भाचे हित होते. नित्य व अधिक सेवन करणाऱ्या स्त्रीने मात्र एकाएकी न थांबता रुग्णालयाच्या देखरेखीखाली मद्य सोडावे, कारण अकस्मात त्यागाने कंप व आक्षेप संभवतात.

येथे आम्हां वैद्यांचेही एक कर्तव्य आहे. आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्य असते. गर्भिणीस औषध योजताना शक्यतो क्वाथ, चूर्ण, घृत अथवा क्षीरपाक यांचा विचार करावा आणि घरात आधीपासून असलेल्या बाटलीविषयी आवर्जून विचारावे. आपल्या चिकित्सालयात जो नियम पाळला जात नाही, तो शाळेत सांगण्याचा अधिकार आपणास कसा राहील?

दरवर्षी ९ सप्टेंबर हा दिवस या विकारांच्या जनजागृतीसाठी पाळला जातो. त्या निमित्ताने प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरातील एका तरी शाळेत, शक्य तेथे भिली, पावरी वा मावची बोलीत, अर्धा तास बोलावे, अशी आमची विनंती आहे.