मत कुठे संपते, गुन्हा कुठे सुरू होतो?

महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी कोणाच्या हातात मोबाईल नव्हता. तरी एक खोटी बातमी गावभर पसरायला दोन-तीन तास पुरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी पिऊन मंडपात परतले होते. लोक जेवणाच्या तयारीत होते. तेवढ्यात गावात उठले की, ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसे काही ठरलेले नव्हते. पण लाठ्याकाठ्या घेऊन जमाव चालून आला. मंडपातल्या लोकांना मारहाण झाली, गावात एकटेदुकटे सापडलेल्यांना झोडपले गेले. पळणाऱ्यांपैकी काहींना महाडच्या मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्या दहनाने अनेकांची मने दुखावली असतील. पण तो एका ग्रंथातल्या विचाराचा निषेध होता. अमक्याला मारा, तमक्याचे घर जाळा, असे त्या मंडपातून कोणी सांगितले नाही.

आम्ही आंबेनळी घाटाच्या पायथ्याची माणसे. महाड आमच्या बाजाराचे, कोर्टकचेरीचे गाव. म्हणून हे दोन प्रसंग आम्ही शाळेत शेजारी शेजारी ठेवून शिकवतो. मार्चमधल्या वाक्यात एकही शिवी नव्हती, पण त्याने माणसांची डोकी फुटली. डिसेंबरचे कृत्य कडवट होते, पण ते मत होते. बोलणे किती कडू आहे यावर गुन्हा ठरत नाही. त्या बोलण्याने कोणत्या माणसांकडे बोट दाखवले आणि त्यांचे काय करायला सुचवले, यावर ठरतो.

नववीच्या मुलांना विचारले की उत्तर ठरलेले असते, “भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा.” मुलेच कशाला, जुम्म्याच्या नमाजनंतर बाहेर उभे राहून बोलणारी मोठी माणसेही हेच म्हणतात. कायदा मात्र तसे म्हणत नाही. योगायोग असा की, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे जुने २९५-अ कलमही १९२७ सालचेच. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तकाच्या प्रकाशकाला हायकोर्टाने सोडून दिले, कारण त्याला लागू होईल असे कलमच तेव्हा नव्हते. मुसलमानांनी आवाज उठवला, सरकारने कायदा केला. हा मार्ग बरोबर होता. पुढे १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झाला, आणि खून करणाऱ्याचे आजही काही ठिकाणी गोडवे गायले जातात. आम्हाला ते पटत नाही. ज्यांचा अपमान झाला म्हणून आपण तळमळतो, त्या रसूलल्लाहंनी ﷺ ताइफमध्ये दगड खाऊनही बददुआ दिली नव्हती.

सुप्रीम कोर्टाने १९५७ साली हे कलम कायम ठेवले, पण सांगितले की जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकाने आले आहे. दोन समाजांत वैर पेटवण्याचे जुने १५३-अ आता १९६ झाले आहे. आपल्याकडे ‘द्वेषाचा गुन्हा’ या नावाचा वेगळा केंद्रीय कायदा नाही, खटले याच कलमांवर चालतात.

शब्दांचे माप कोणाच्या मनाने घ्यायचे? याचे उत्तर आपल्या नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देऊन ठेवले आहे. विरोधी मत ऐकताच ज्याला धोका दिसू लागतो अशा दुबळ्या मनाच्या माणसाचे माप धरायचे नाही. समंजस आणि खंबीर माणसाचे धरायचे. पालघरच्या पोलिसांना नोव्हेंबर २०१२ मध्ये हे आठवले असते तर बरे झाले असते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहर बंद का, असा प्रश्न एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या हिंदू मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली आणि मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम तेव्हा वापरले होते. २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. चर्चा करणे, एखादी बाजू मांडणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, कायदा हात घालू शकतो तो चिथावणीला, असे कोर्टाने त्या निकालात सांगितले. दवाखान्यातल्या खुर्च्यांनी मात्र कोणाचे काय बिघडवले होते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचे प्रकरण अजून ताजे आहे. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ३७० कलम हटवल्याबद्दल नाराजी लिहिली आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला, मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्तीचे धडे देण्याची वेळ आली आहे, असे सुनावले. मास्तर माणूस म्हणून आम्हाला ते स्टेटस शहाणपणाचे वाटत नाही. पण अविचार म्हणजे गुन्हा नव्हे.

आता दुसरी बाजू. २ जून २०१४. फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रे फिरत होती. पुण्यात हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी, एवढीच ओळख पुरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींना सोडले. त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री, आपला घाट चढून गेले की लागणाऱ्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळी गावात पोस्टवरूनच जमाव मस्जिदीवर चालून गेला आणि नूरुल हसन शिकलगार मारले गेले. चित्र काढणाऱ्याला पकडा असे म्हणणे म्हणजे कायदा मागणे. ‘त्यांना’ धडा शिकवा म्हटले की त्यात हडपसरचा रस्ता येतो आणि पुसेसावळीची मस्जिदही येते.

आंबेनळीच्या वाटेवर प्रतापगड आहे, म्हणून एक घरचे उदाहरण. अफजलखान क्रूर होता, विश्वासघातकी होता, असे कोणी लिहिले तर तो इतिहासाचा वाद आहे. आपण उत्तर द्यावे किंवा देऊ नये, दुखावून घेण्यासारखे त्यात काही नाही. खानाची कबर महाराजांनीच बांधून घेतली असे परंपरेने सांगतात, तेही वाचावे. पण ‘खानाच्या औलादी’ म्हणून बाजारातल्या फळवाल्याचा फोटो टाकला, खाली गल्लीचे नाव लिहिले, तर तिथे इतिहास संपला. शिवी नसली तरी तो पत्ता देणे आहे. तणाव असलेल्या दिवशी टाकले असेल तर आणखीच गंभीर.

हाच नियम आपल्यालाही लागतो. दुसऱ्यांच्या देवदेवतांची टिंगल करणारी चित्रे आपल्या ग्रुपवर येत नाहीत, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. मसलकाच्या भांडणात एकमेकांना इस्लामच्या बाहेर काढून मोकळे होणारे तर रोजचेच. सूरह अनआममध्ये इतरांच्या माबूदांना शिव्या देऊ नका असे बजावले आहे, आणि सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी शहानिशा करा असे. औरंगजेबाचे स्टेटस ठेवणाऱ्या पोरांनाही आम्ही विचारतो, त्या बादशाहबद्दल दोन पाने तरी वाचलीत का? जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटस पोरांनी ठेवले आणि दगड दुकानदारांच्या शटरवर पडले. अर्थात दगडाचा दोष दगड मारणाऱ्याचाच.

घरातल्या मोठ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपचा अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. त्याचा सामाईक हेतू दिसावा लागतो, असे नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले आहे. पुढे पाठवणारा मात्र ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ म्हणून सुटेलच असे नाही. चिथावणीची पोस्ट दिसली तर खाली वाद घालू नये, त्याने ती आणखी पसरते. स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात खात्याचे नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. लिंक वेगळी उतरवून ठेवावी. मग कंपनीकडे रिपोर्ट करावे. आधी रिपोर्ट केले आणि पोस्ट उडाली तर हातात काही उरत नाही. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनीच गुन्हा नोंदवावा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २८ एप्रिल २०२३ पासून सर्व राज्यांना लागू आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा. ठाण्यात एकट्याने न जाता जमातीतले एक-दोन जाणते आणि जमल्यास गावातला एखादा हिंदू शेजारी बरोबर घ्यावा. आमच्या भागात असे शेजारी मिळतात. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच बाहेर पडावे.