हाडातला डीएनए बरोबर वाचला, हे कसं कळतं?

पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी रोज मोजतात. धोक्याची पातळी 245.50 मीटर. मुलं विचारतात, "सर, नदी एवढी खोल आहे का?" नाही, हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा. कुठून मोजलं हे ठरलेलं नसेल तर आकड्याला अर्थ नाही. मायटोकाँड्रियल डीएनएचंही तसंच.

हा डीएनए आईकडून येतो. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडातही तो सापडू शकतो. लांबी साधारण 16,569 अक्षरं. 1981 साली केंब्रिजला वाचलेल्या क्रमापेक्षा कुठे फरक आहे, तेवढाच अहवालात लिहितात. गंमत म्हणजे त्या क्रमातही चुका निघाल्या! 1999 मध्ये फेरतपासणीत 3107 व्या जागी एक अक्षर जास्तीचं आढळलं. काढून टाकलं तर पुढचे सगळे क्रमांक सरकणार, म्हणून ती जागा रिकामी ठेवली.

बऱ्याच चुका उतरवून घेताना होतात. गुणपत्रक भरताना ओळ सरकली की एकाचं मराठी दुसऱ्याच्या गणिताला चिकटतं ना, तसा अर्धा क्रम एका नमुन्याचा, अर्धा दुसऱ्याचा होतो. मातृवंशाच्या झाडात एका फांदीवरचे बदल सोबत येतात. दोन दूरच्या फांद्यांच्या खुणा एकाच क्रमात दिसल्या, की नमुना पुन्हा वाचायचा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा 'एम्पॉप' हा संग्रह नोंदी अशाच तपासून घेतो.

हे कुठे उपयोगी पडतं? गोव्यात पाहा. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये शिराझला मारली गेली. तिचे अवशेष जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन मठात आणल्याच्या जुन्या नोंदी होत्या. तिथल्या उत्खननातली हाडं हैदराबादच्या सीसीएमबीने तपासली. एका हाडात 'यू1बी' हा गट निघाला. भारतीय उपखंडातल्या सुमारे 22,000 लोकांत तो एकातही नव्हता, जॉर्जियातल्या 30 पैकी दोघांत होता. त्या 22,000 नोंदींतच ओळी सरकलेल्या असत्या, तर "एकातही नाही" या शब्दांना काय किंमत?

हाड हाताळणाऱ्यांचा डीएनए मिसळला, अशी शंका नेहमी असते. पण इथल्या माणसाच्या हातून यू1बी येणं अवघड. बाकी दोन हाडांत मात्र भारतात आढळणारे गट निघाले. ती राणीची म्हणता येत नाहीत.

आणि यू1बी म्हणजे राणीचं नाव नव्हे. तो गट कितीतरी जणांचा असतो. जागा, जुने कागद आणि डीएनए तिन्ही जुळले, तेव्हाच ओळख मान्य झाली. 2021 मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला दिला.