दर्या म्हणजे नदी की समुद्र? आठवीच्या मुलांनी जगातल्या नद्या कशा वाचल्या

प्रोजेक्टचा महिना आला की स्टेशनरीच्या दुकानात पालकांची गर्दी होते. निळा कार्डशीट, स्केचपेन आणि नाईल नदीचा तयार छापील चार्ट. रात्री मूल झोपून जातं आणि अम्मी स्वयंपाकघर आवरून नदीला निळा रंग देत बसतात. सकाळी सुंदर फाइल शाळेत येते. ‘नाईल ही जगातील सर्वांत लांब नदी असून तिची लांबी ६,६५० किलोमीटर आहे’ हे वाक्य तीस फायलींमध्ये तीस वेळा लिहिलेलं असतं. त्यावर सही करून आम्हीही वर्षानुवर्षे गुण देत आलो, हे आधीच कबूल करतो.

यंदा आठवीच्या वर्गात आम्ही दोघा शिक्षकांनी हे बदलायचं ठरवलं. आमची शाळा सांगली-मिरज पट्ट्यातली आहे. मुलांच्या घरी कुठे उर्दू, कुठे दखनी, कुठे मराठी बोलतात. वर्गाचे सहा गट केले आणि सहा नद्या वाटून दिल्या: नाईल, दजला-फुरात, आमू दर्या, नायजर, ॲमेझॉन आणि आपली कृष्णा. लांबी-रुंदीची माहिती गोळा करायची नाही, असं सांगितलं. प्रत्येक गटाला प्रश्न चारच. नदीत पाणी येतं कुठून? उतार कोणत्या बाजूला आहे? वरच्या अंगाला कोण राहतं आणि खालच्या अंगाला कोण? आणि पाणी किती आलं हे मोजतं कोण?

पहिली भांडणं नदीवरून नव्हतीच. शाळा सुटल्यावर मुली थांबू शकत नाहीत, गटातल्या मुलाच्या घरी जाणं तर दूरच. मग लिहायचं सगळं काम मुलींवर आणि पुढे येऊन बोलायचं काम मुलांवर, अशी वाटणी आपोआप झाली. आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळं काम शाळेच्या तासांतच करायचं, घरी काहीही न्यायचं नाही. आणि ज्याने लिहिलं त्यानेच बोलायचं. पहिल्या आठवड्यात तीन मुलगे अचानक लिहायला बसले.

आमू दर्याच्या गटाने नकाशात नदीच्या जागी मोठा निळा समुद्र रंगवला. विचारलं तर म्हणाले, “सर, दर्या म्हणजे समुद्रच ना?” मराठीत बरोबर आहे. कोळीबांधव दर्यावर जातात ते समुद्रावरच. पण त्याच गटातली एक मुलगी ऐकेना. तिच्या दादीच्या तोंडी दरिया म्हणजे नदी, समुद्राला ती समंदर म्हणते. दोघांचंही खरं होतं. शब्द फारसीतून आला, मराठीत समुद्र झाला आणि उर्दूत नदी राहिला. मध्य आशियात आमू आणि सिर या दोन नद्यांच्या नावातच तो आहे. जुन्या अरबी ग्रंथांत त्याच नद्या जैहून आणि सैहून या नावांनी येतात, आणि जैहूनपलीकडच्या मुलखाला ‘मावराउन्नहर’ म्हणत. शब्दशः अर्थ, नदीपलीकडचा प्रदेश. बाबराचं फरगाना सिर दर्याच्या खोऱ्यातलं. गणितात मुलं ‘अल्गोरिदम’ शिकतात, तो शब्द ज्यांच्या नावावरून आला ते अल-ख्वारिझ्मी; त्यांच्या नावातलं ख्वारिझ्म आमू दर्याच्या खालच्या अंगाला आहे.

गंमत म्हणजे त्या गटाचा समुद्र पुढे कामाला आला. या दोन्ही नद्या महासागराला मिळतच नाहीत. त्या जाऊन मिळायच्या अरल समुद्राला, आणि तिथून पाण्याला बाहेर वाट नाही. प्रत्येक नदी शेवटी महासागराला मिळते असं मुलांना पक्कं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांनाही वाटतं. एकेकाळी अरल हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. १९६० च्या दशकापासून सोव्हिएत सरकारने कापसासाठी कालवे काढून दोन्ही नद्यांचं पाणी वळवलं. येणारं पाणी घटलं, उन्हाने वाफ होणं चालूच राहिलं, आणि सरोवर आटत गेलं. मोयनाक नावाच्या मासेमारीच्या बंदरात आज जहाजं वाळूत उभी आहेत. २००५ मध्ये उत्तरेकडे कोक-अरल बंधारा बांधला, तेव्हा तेवढ्या भागात पाणी आणि मासे परत आले. दक्षिणेचा बराचसा भाग वाळवंट झाला आहे.

नाईलच्या गटाची अडचण वेगळी होती. भिंतीवरच्या नकाशात नाईल खालून वर वाहते. “पाणी वर कसं चढेल?” हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि बाकीचे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. नकाशात वरची बाजू उत्तर असते ही नुसती पद्धत आहे, तिचा उंचीशी संबंध नाही. आम्ही मुलांना अल-इद्रीसी यांच्या जगाच्या नकाशाचं चित्र दाखवलं. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी त्यांनी तो ११५४ मध्ये पूर्ण केला. त्यात दक्षिण वर आहे. त्या नकाशात नाईल सरळ वरून खाली येते आणि भूमध्य समुद्राला मिळते. वर्गात एकदम ‘अच्छा’ असा आवाज झाला.

मग पाणी येतं कुठून? नाईलचे दोन मुख्य फाटे. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते, निळी नाईल इथिओपियातल्या ताना सरोवरातून, आणि सुदानमध्ये खार्तूमला दोघींचा संगम होतो. लांबी पांढरीची जास्त, पण वाटेत सुद नावाच्या प्रचंड दलदलीत तिचं जवळपास निम्मं पाणी वाफ होऊन जातं. इजिप्तला पोहोचणारं बहुतेक पाणी इथिओपियाच्या डोंगरांतलं, आणि तिथला पावसाळा आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर. म्हणून डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कैरोला पूर यायचा.

हा पूर मोजायला कैरोच्या रोदा बेटावर ८६१ मध्ये, अब्बासी काळात, मिकयास बांधला गेला. दगडी विहीर, ती भुयारांनी नदीला जोडलेली, आणि मधोमध खुणा केलेला संगमरवरी खांब. पाणी सोळा हात चढलं की वर्ष चांगलं. फार कमी चढलं तर दुष्काळ, फार वर गेलं तर नासाडी. त्या आकड्यावर शेतसारा ठरायचा. हे वाचून झालं तेव्हा कृष्णेच्या गटातला एक मुलगा म्हणाला, “हे तर आपलं आयर्विन पुलासारखं.” अगदी तसंच. सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठल्यावर लोक पहिलं विचारतात ते हेच, की आयर्विनला किती फूट झालं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या लहान मुलालाही पाठ असतं.

१९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यावर इजिप्तचा पूर थांबला. त्याबरोबर दरवर्षी शेतात येणारा गाळही थांबला, शेतकऱ्याला खत विकत घ्यावं लागलं. आता इथिओपियाने निळ्या नाईलवर २०११ मध्ये सुरू केलेलं महाकाय धरण २०२५ मध्ये कार्यान्वित केलं. वरचा म्हणतो आम्हाला वीज हवी. खालचा म्हणतो दुष्काळात तुम्ही पाणी अडवलंत तर आम्ही काय करायचं? मुलांनी वर्गात दोन देश होऊन यावर वाद घातला. इजिप्त झालेली बाजू जोरात होती, कारण पूर आणि टंचाई दोन्हीत खालच्या अंगाला राहणं म्हणजे काय ते त्यांना घरून माहीत होतं.

दजला-फुरातची गोष्ट त्याच जातीची. पुस्तकात टायग्रिस आणि युफ्रेटिस असं छापलंय, म्हणून ही आपल्या दादा-दादींच्या बोलण्यातली दजला आणि फुरातच, हे अर्ध्या वर्गाला कळलंच नव्हतं. दोन्ही तुर्कस्तानच्या डोंगरांत उगम पावतात, इराकमध्ये अल-कुर्नाजवळ एक होतात आणि शत-अल-अरब नावाने आखाताला मिळतात. बगदाद दजलेवर वसलेलं आहे, पण पाण्याचे नळ म्हणावेत ती मोठी धरणं वर तुर्कस्तानात. ॲमेझॉनच्या गटाने काम नीटनेटकं केलं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं गोडं पाणी सोडतात, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा या एकट्या नदीचा, एवढं कळलं तरी पुरे.

नायजरने मात्र आम्हालाही शिकवलं. ही नदी गिनीच्या डोंगरांत, अटलांटिकपासून साधारण २४० किलोमीटरवर जन्मते, पण समुद्राकडे पाठ करून ईशान्येला वाळवंटाच्या दिशेने निघते. तिंबक्तूच्या पुढे मोठं वळण घेते आणि सुमारे ४,१८० किलोमीटरचा प्रवास करून नायजेरियात गिनीच्या आखाताला मिळते. १३५२ मध्ये इब्न बतूता मालीला गेले तेव्हा त्यांनी ही नदी पाहिली, आणि ती पूर्वेकडे जाते म्हणून तिला नाईल समजले. एवढा मोठा प्रवासीही चुकला, हे ऐकून वर्गाला फार समाधान वाटलं.

कृष्णेच्या गटाने लगेच हात वर केला. कृष्णाही अशीच. महाबळेश्वरजवळ, अरबी समुद्रापासून सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आत उगम, आणि जाते सुमारे १,४०० किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला. कारण समजावायला आम्ही कौलारू घराचं छप्पर घेतलं. आढ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब अंगणात जातो, दुसऱ्या अंगाचा परसात. थेंबाला परस जवळ की अंगण, याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो उतार बघतो. सह्याद्री हे ते आढं. पश्चिमेला कोकणात कडा तुटल्यासारखा उतार, पूर्वेला पठाराचा लांबलचक मंद उतार. महाबळेश्वरातलीच सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्र गाठते, कृष्णा पूर्वेला वळते. याला जलविभाजक म्हणतात, आणि एका नदीकडे उतरणाऱ्या सगळ्या जमिनीला तिचं खोरं. नदी म्हणजे नकाशातली निळी रेघ नाही, अख्खं छप्पर आहे, हे इथे मुलांच्या डोक्यात बसलं.

छप्पर कळलं की पूर कळतो. कराडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या सगळ्या सह्याद्रीच्या त्याच धो-धो पावसाच्या पट्ट्यातून येतात आणि एकाच आठवड्यात भरतात. आमच्या भागात आल्यावर उतार कमी, नदी वळणावळणाची, पाणी पुढे सरकायला वेळ घेतं. खाली पंचगंगा फुगलेली असली की वरच्या पाण्याला फुगवटा येतो. अलमट्टी धरणामुळे किती फरक पडतो यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात वाद आहे, तो आम्ही वर्गात सोडवला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही मुलं अगदी लहान होती. तरी आठवणी पक्क्या आहेत. कुणाला नाव आठवते, कुणाला मामूंच्या घरी अंथरलेली रांगेतली गाद्या. एका मुलीने सांगितलं, पाणी उतरल्यावर अब्बूंनी भिंतीवरची चिखलाची रेघ पुसू दिली नाही, रंग देताना तेवढी पट्टी सोडली. आम्ही म्हटलं, हा तुमच्या घरचा मिकयास.

तिथून मुलं पूररेषेवर आली. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेमध्ये अटींवर परवानगी. मोठ्यांचा गैरसमज असा, की एकदा शंभर वर्षांचा पूर येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षं निर्धास्त. तसं नसतं. त्या पुराची शक्यता दर वर्षी शंभरात एक असते, काल येऊन गेला असला तरी. गणिताच्या बाईंनी मुलांकडून हिशेब करून घेतला. निळ्या रेषेवरच्या घरात तुम्ही ३० वर्षं राहिलात, तर या काळात एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता दहापैकी सात. लाल रेषेवर, चारपैकी एक. ३० वर्षं म्हणजे घरकर्ज फिटेपर्यंतचा काळ.

प्रदर्शनाच्या दिवशी पालक आले. कृष्णेच्या टेबलापाशी एक वडील बराच वेळ थांबले. त्यांचा मुलगा त्याच गटातला. गर्दी कमी झाल्यावर ते आमच्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, एक प्लॉट बघितलाय. बयाणा द्यायचाय जुम्याला. एजंट म्हणतो २०१९ ला पाणी आलं नव्हतं. पोरगा म्हणतो आधी रेषा बघा. ही रेषा बघायची कुठं?”

आम्ही त्यांना सांगितलं, गट नंबर घ्या आणि नगररचना कार्यालयात पूररेषेचा नकाशा मागा. तोंडी उत्तरावर थांबू नका, प्लॉट रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते लेखी घ्या. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतीही बघा. त्यांनी मुलाच्या वहीचा कोरा कागद फाडून घेतला, गट नंबर असं मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि मुलाला म्हणाले, “चल, तू पण ये सोमवारी. तुला वाचता येतो ना नकाशा.”