इंग्रजीतील 'ए' आणि 'ॲन' : अक्षर, ध्वनी आणि सोलापूर परिसरातील उच्चार

प्रस्तावना

इंग्रजीतील अनिश्चित उपपदांचा नियम मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला बहुधा एका वाक्यात सांगितला जातो. 'ए, ई, आय, ओ, यू' यांपैकी एखाद्या अक्षराने शब्द सुरू होत असेल तर 'ॲन', अन्यथा 'ए'. हा नियम पाठ करण्यास सोपा आणि रिकाम्या जागा भरण्यास सोयीचा असला तरी मुळात चुकीचा आहे. उपपदाची निवड शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून होत नाही. ती पहिल्या ध्वनीवरून होते. महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही बारा वर्षे इंग्रजी शिकून पदवीच्या वर्गात आलेला विद्यार्थी 'ॲन युनिव्हर्सिटी' आणि 'ए अवर' असे लिहितो. दोष केवळ विद्यार्थ्यांचा आहे असेही नाही. महाविद्यालयीन चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांवर 'ॲन वन डे सेमिनार' आणि 'ॲन यू.जी.सी. स्पॉन्सर्ड' ही रूपे छापलेली आढळतात, आणि त्या पत्रिका विद्यार्थी तयार करीत नाहीत.

या प्रमादामागे एक परंपरा आहे. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून, म्हणजे मुख्यतः डोळ्यांनी. कानांनी इंग्रजी शिकण्याची सोय फार थोड्यांना होती. डोळ्यांना 'वन' या शब्दाच्या आरंभी 'ओ' दिसतो; कानांना मात्र 'व' ऐकू येतो. 'युनिव्हर्सिटी'त 'यू' दिसतो, ऐकू येतो 'य'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांत 'एच' लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. म्हणून 'ए वन-डे सेमिनार', 'ए युनिव्हर्सिटी', 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन' ही रूपे शुद्ध ठरतात. संक्षेपांचेही तसेच आहे. 'नॅक' हा संक्षेप एक शब्द म्हणून उच्चारला जातो, त्यामुळे 'ए नॅक-ॲक्रेडिटेड कॉलेज'. त्यातील अक्षरे सुटी वाचली तर मात्र 'ॲन' लागेल. लिहिलेले तेच, उपपद निराळे.

'न' कोठे टिकतो?

'ए'ला स्वरापूर्वी 'न' जोडला जातो, अशी समजूत सर्वत्र आढळते. इतिहास नेमका उलट आहे. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा जो संख्यावाचक शब्द होता, त्यापासून 'ॲन' आले. पुढे व्यंजनापूर्वी त्यातील 'न' झिजला आणि 'ए' उरले. स्वरापूर्वी तो टिकून राहिला. या झिजेमुळे शब्दांच्या सीमाही हलल्या. प्रयोगशाळेत वापरला जाणारा 'एप्रन' मूळचा 'नॅप्रन', म्हणजे 'नॅपकिन'चा नातेवाईक. 'ए नॅप्रन' हे ऐकणाऱ्यांनी 'ॲन एप्रन' असे तोडले आणि 'न' उपपदाकडे गेला. आपले नारिंग फारसी-अरबीमार्गे युरोपात पोहोचले तेव्हा त्याचाही 'न' गळाला. मात्र ती गळती इंग्रजीत येण्यापूर्वीच झालेली होती.

मराठीच्या अध्यापकाला या नियमात नवे काहीच वाटू नये. नञ् तत्पुरुष समासात हाच व्यवहार चालतो. 'ज्ञान'चे 'अज्ञान', 'धर्म'चा 'अधर्म'. पण 'आदर'चा 'अनादर' आणि 'उचित'चे 'अनुचित'. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात याची व्यवस्था लावून दिली आहे : नकारवाचक 'न'मधील 'न्' लोप पावतो, आणि पुढे स्वर असल्यास 'न्'चा आगम होतो. 'ओळख'पासून 'अनोळखी' हा शब्द घडविताना मराठी माणसाला कोणी नियम सांगितला नव्हता. 'ॲटम' आणि 'ॲनार्की' या ग्रीक मुळाच्या शब्दांतील 'अ' व 'अन्' तर संस्कृत 'नञ्'चे सगोत्रच आहेत. इंग्रजी उपपदाचा उगम यांहून वेगळा आहे. ध्वनींची सोय मात्र तीच. दोन स्वर लागोपाठ आले की जीभ अडखळते, मध्ये 'न' असला की अडखळत नाही. ओघात बोलताना 'ए' हे उपपद बहुधा हलक्या 'अ'सारखे उच्चारले जाते, हे लक्षात घेतले तर साम्य अधिकच स्पष्ट होते. 'अनादर' म्हणणारा विद्यार्थी 'ॲन अवर'शी अपरिचित नाही. ती ओळख त्याला करून दिली जात नाही, इतकेच.

देवनागरीचे साहाय्य आणि सोलापूरची अडचण

इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावा आणि पहिले चिन्ह स्वराचे असल्यास 'ॲन' योजावे, ही युक्ती बरीच उपयोगी आहे. 'युनिफॉर्म', 'युरोपियन', 'अवर', 'एम.एल.ए.', 'एक्स-रे' यांबाबत ती अचूक उत्तर देते. परंतु देवनागरी लेखन हे लिहिणाऱ्याच्या उच्चाराचे चित्र असते. सोलापूर परिसरात हा उच्चार एकाच भाषेने घडविलेला नाही.

शहराच्या पूर्व भागात तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड घरोघरी बोलली जाते. या दोन्ही भाषांत शब्दारंभीच्या 'ए'पूर्वी सूक्ष्म 'य' आणि 'ओ'पूर्वी सूक्ष्म 'व' येतो. कन्नडमधील 'दोन' कानांना 'येरडु' असा ऐकू येतो आणि 'एक' हा 'वोंदु' असा. मराठीही या बाबतीत निर्लेप नाही. बोलीत 'एक'चा 'येक' होतो आणि दासबोधातही 'येक' असेच लेखन आढळते. एस.टी.ला खेड्यापाड्यांतील प्रवासी 'यष्टी' म्हणतो, त्यामागे हाच 'य' आहे. परिणामी इंग्रजीतील 'एफ, एच, एल, एम, एन, एस, एक्स' ही सात अक्षरनामे या परिसरात 'यफ, यच, यल, यम, यन, यस, यक्स' अशी उच्चारली जातात. 'एग'चे 'येग' होते आणि 'ओल्ड'चे 'वोल्ड'.

आता या विद्यार्थ्याला 'ध्वनीकडे लक्ष द्या' असे सांगितले, तर तो 'ए येग' आणि 'ए यम.एल.ए.' लिहील. अक्षराचा नियम सोडून ध्वनीचा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळलेला असेल, आणि तरीही उत्तरपत्रिकेवर लाल रेघ येईल. त्या रेघेतून त्याला एवढेच कळेल की जुना पाच अक्षरांचा नियमच खरा होता. येथे खरी हानी होते. त्याचे व्याकरण चुकलेले नाही. प्रमाण उच्चार त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. या दोन गोष्टी निराळ्या आहेत आणि त्यांचा उपायही निराळा आहे. इंग्रजी वर्णमालेतील बारा अक्षरांची नावे स्वरध्वनीने सुरू होतात : वरील सात, शिवाय 'ए, ई, आय, ओ' आणि 'आर'. उपपदांचा पाठ घेण्यापूर्वी या बारा नावांचा तोंडी सराव व्हावा, हे त्यामुळे अगत्याचे ठरते. 'यू' त्यांत नाही, म्हणूनच 'ए यू.जी.सी. स्पॉन्सर्ड सेमिनार'.

याउलट अडचणही आहे. वर्ष या अर्थाचा इंग्रजी शब्द मराठीत सर्रास 'इयर' असा लिहिला व उच्चारला जातो, म्हणून 'ॲन इयर' ही चूक होते. मूळ उच्चारात आरंभी स्पष्ट 'य' आहे. मराठीत 'यि' आणि 'इ' यांतील भेद पुसट असल्याने तो कानांना जाणवत नाही. येथे देवनागरीची युक्ती फसते. कान या अर्थाचा 'ईअर' आणि वर्ष या अर्थाचा 'यिअर' ही जोडी वर्गात एकापाठोपाठ मोठ्याने म्हणवून घेणे, एकास 'ॲन' आणि दुसऱ्यास 'ए' लावून, हा सराव पाच मिनिटांत होण्यासारखा आहे. प्रश्नपत्रिकेतील रिकाम्या जागेचा प्रश्न मात्र या भेदापर्यंत पोहोचत नाही, कारण तेथे शब्द कोणी वाचून दाखवीत नाही. अंतर्गत मूल्यमापनात दहा शब्द ऐकवून त्यांची उपपदे लिहून घेतली, तर कोणाचा नियम कच्चा आहे आणि कोणाचा उच्चार वेगळा आहे, हे अध्यापकाला त्याच तासाला कळू शकेल.