आधी उतरायला शिका

पुण्यात आता ‘पोल फिटनेस’चे वर्ग चालतात. स्टीलचा उभा खांब असतो, साधारण ४५ मिलिमीटर जाडीचा. त्याला हातांनी धरायचं, पायांनी विळखा घालायचा, वर चढायचं, लटकायचं. मोबाइलवर असे व्हिडिओ पाहून आपल्या गटांमधल्या बायका आम्हाला दोन गोष्टी विचारतात. चारचौघांत बाईनं हे करावं का? आणि आपल्याला हे जमेल का?

पहिल्याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. खांबावरचा व्यायाम महाराष्ट्राला नवा नाही, तो आपला मल्लखांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पैलवानांच्या खांबावरच्या कसरतीचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. पुण्यातल्या तालमींत तो रुजला. पुरुष सागवानी किंवा शिसवी खांबावर करायचे, मुलींसाठी दोराचा मल्लखांब आला. पूर्वी दोराच्या जागी वेत असे. आता मुली खांबावरही करतात, पण सुरुवात बहुतेक दोरावरच होते. आपल्या महाराष्ट्राच्या हिमानी परब हिला मल्लखांबासाठी २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. शिवाजी पार्कवर मल्लखांब शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा कोणी नाक मुरडलं तर एवढं सांगा आणि आपल्या कामाला लागा.

स्टीलच्या खांबाबद्दल एक समजून घ्या. त्या वर्गांत तोकडे कपडे असतात ते मिरवायला नव्हे. गुळगुळीत स्टीलवर कापड सरकतं, उघडी कातडी चिकटून बसते. सुती दोराला तसं लागत नाही. अंगाबरोबरची लेगिंग आणि टी-शर्ट घालूनही दोर धरता येतो. आम्हाला विचाराल तर ज्यांना कपड्यांची अडचण वाटते त्यांनी दोरापासून सुरुवात करावी. खर्चही कमी, शिकवणारेही महाराष्ट्रात पुष्कळ.

आता जमेल का. आपल्याला वाटतं की आपण दिवसभर राबतो, म्हणजे अंगात ताकद आहेच. ताकद आहे, पण वेगळी. हंडा, भारा, पाटी हे सगळं वजन आपण डोक्यावर, कमरेवर तोलतो. दोराला लागते ती खाली खेचायची ताकद, पाठीची आणि दंडाची. आपल्या आज्या विहिरीतून पाणी शेंदायच्या, त्यांच्या अंगात ती होती. नळ आले, फार चांगलं झालं, पण ते स्नायू झोपले. त्यामुळे पहिल्या दिवशी चांगली धडधाकट बाईसुद्धा दोराला लटकते आणि पाच आकडे मोजायच्या आत सुटते. यात लाजण्यासारखं काही नाही. पस्तिशीत, चाळिशीतही ही ताकद येते, फक्त तिला महिने लागतात.

पहिले काही आठवडे पाय जमिनीवरच ठेवायचे. खांदे, मनगटं, कंबर मोकळी करून घ्यायची. मग दोर दोन्ही हातांनी धरून मागे रेलायचं आणि हातांनी स्वतःला पुढे ओढायचं. ते सोपं वाटू लागलं की दोराला लटकायचं, पाच-दहा सेकंद. त्यानंतर येते पायाची पकड. पायाचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा. दोराच्या मल्लखांबाचा सगळा जीव या बेचक्यात आहे. पकड डोळ्यांनी नाही, कातडीनं कळते. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुली दोराचा मल्लखांब शिकल्या, त्या याच स्पर्शाच्या जोरावर.

आणि इथेच आपल्या जोडव्यांचा प्रश्न येतो. जोडवं बसतं नेमकं त्याच बेचक्याशी. दोर त्याच्यावर घासला की बोट सोलतं, अडकला तर बोट मोडतं. जोडवी काढावीच लागतात. मंगळसूत्रही काढायचं, उलटं लटकल्यावर ते गळ्याला आवळतं. काचेच्या बांगड्या तर नकोतच. सौभाग्याचं लेणं उतरवायचं म्हटलं की घरात बोलणं होतं, आम्हाला माहीत आहे. ते पहिल्या दिवसाआधीच बोलून घ्या, सासूबाईंना कारण सांगा, जमलं तर एकदा तालमीत आणून दाखवा. बायकांनी एका रुमालात सगळं बांधून बाहेर बसलेल्या मैत्रिणीकडे दिलं की झालं.

पायाची पकड आली की वर जायची घाई होते. थांबा. दोन हात वर चढायचं आणि उतरून दाखवायचं. एक हात सोडून खालचा धरायचा, पायाची पकड ढिली करून पुन्हा बसवायची, असं हाताहातानं खाली. घसरत आलात तर तळहात भाजतात, दोन दिवस भाकरी थापता येत नाही. जेवढ्या उंचीवरून थकलेल्या हातांनी उतरता येतं तेवढंच चढायचं. आपल्यातल्या किती जणी रोजंदारीवर आहेत! हाडाला तडा गेला तर सहा आठवड्यांची मजुरी जाते, वर दवाखाना. म्हणून आम्ही चढण्याआधी उतरण्यावर एवढा जोर देतो. साधी अढी, म्हणजे पायांचा विळखा घालून उलटं होणं, हे पुढचं, तेही शिक्षक हाताशी असतानाच.

जागा पाहून घ्या. झाडाची फांदी, पत्र्याच्या शेडचा पाइप यांना दोर बांधून घरच्या घरी करू नका. नायलॉनचा दोर तर अजिबात नको, तो कातडी जाळतो. खाली जाड गादी हवी. लाकडी खांबावर करणार असाल तर हाताला आणि खांबाला एरंडेल लावतात, ते किती लावायचं हे शिक्षकांकडूनच शिका. शिक्षकांना एक प्रश्न मोकळेपणानं विचारा: आधार देताना तुम्ही हात कुठे लावणार? चांगला शिक्षक आधी सांगतो, मग हात लावतो. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये.

आता आपल्या अंगाचं. हे रेडिओवर बोलायला थोडं अवघड वाटतं, पण बोलायलाच हवं. चक्कर येत असेल, चढावर धाप लागत असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते आधी भरून काढायचं, मग दोर. पोटुशी असाल तर हा व्यायाम सुरू करू नका. सिझेरियन किंवा पिशवीचं ऑपरेशन झालेलं असेल, रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांत काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उलटं लटकताना डोक्याकडे आणि डोळ्यांकडे दाब वाढतो. आणि ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांनी जोर काढायचा हा व्यायाम करू नये, आधी उपचार. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी सुटते अशा बायका खूप असतात आणि त्या कोणालाच सांगत नाहीत. दोर ओढताना तसं झालं, किंवा खाली जड वाटलं, तर त्याच क्षणी खाली उतरा. आशाताईंशी बोला. लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू आवळायचा आणि सोडायचा साधा व्यायाम असतो, तो त्या किंवा नर्सताई समजावतील. पुष्कळ जणींना त्यानं फरक पडतो.

दंड दुखतील, पायाला दोराचे वळ उठतील. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. सांध्यात चमक, हाताला मुंग्या, मानेत कळ हे वेगळं. तिथे थांबायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सुट्टी. जेवून लगेच जाऊ नका, दोन तास जाऊ द्या, पण उपाशीही नको. मूठभर शेंगदाणे-गूळ खाऊन निघा. नखं कापलेली हवीत. हाताला, पायाला खोबरेल किंवा क्रीम लावून दोर धरायचा नाही.

गटातल्या चार-पाच जणी मिळून जाणार असाल तर जवळच्या तालमीत किंवा व्यायामशाळेत बायकांसाठी वेगळी वेळ मागा. एकटीनं मागितली तर टाळतात, गटाच्या लेटरहेडवर अर्ज दिला की सहसा ऐकतात. अर्जात गादी, बायकांसाठी कपडे बदलायची खोली आणि शक्य असेल तर बाई शिक्षक, या तिन्ही गोष्टी लिहा.